यादीतले नाव

मुलांनो, मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर लागलेली लांब रांग तुम्ही पाहिली असेल. त्या रांगेतून कधी कधी एखादी व्यक्ती मत न देताच परत जाते. तिच्या हातात ओळखपत्र असते. मग असे का होते?

आपल्या संविधानाच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ नागरिकांना मताचा अधिकार दिला. पूर्वी त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागत. १९८९ पासून ही अट १८ वर्षांची झाली. पण मत देण्यासाठी मतदारयादीत नाव असावे लागते. यादीत नाव नसेल तर ओळखपत्राचा उपयोग होत नाही.

१९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. यादी तयार करताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. नाव नाही, म्हणून मतही नाही!

मग ओळखपत्र कशासाठी? एकाच्या नावावर दुसऱ्याने मत देऊ नये यासाठी. १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी छायाचित्र असलेल्या ओळखपत्रांचा आदेश काढला. हे कार्ड हरवले तरी घाबरू नये. यादीत नाव असेल तर आधार कार्ड, पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना किंवा छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक दाखवूनही मत देता येते.

उर्दूतले नाव मराठीत लिहिताना कधी 'शेख'चे 'शैख' होते. अशी किरकोळ चूक असली, पण माणसाची ओळख पटली, तर त्याला परत पाठवू नये, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. तरीही चूक वेळीच सुधारून घ्यावी. त्यासाठी नमुना ८ चा अर्ज असतो. नवे नाव घालण्यासाठी नमुना ६ भरावा लागतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली, की त्या निवडणुकीपुरती यादीत नवी नावे घेत नाहीत.

मुलांनो, तुम्हांला अजून मत नाही; पण वाचता तर येते! अम्मी, अब्बा आणि दादीजान यांची नावे यादीत शोधा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आपालाही आठवण करा. रांगेत उभे राहण्यापूर्वी यादीत नाव हवे.