दिवसा मतदान, रात्री फायनल

१८ डिसेंबर २०२२ चा रविवार गावोगाव ध्यानात आहे तो सरपंचकीमुळं. राज्यातल्या साडेसात हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान त्या दिवशी ठेवलं होतं, आपल्या जिल्ह्यातल्याही शेकडो गावांचं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा, म्हणजे चुरस दुप्पट. सकाळी साडेसातला यंत्रं सुरू झाली आणि संध्याकाळी साडेपाचला मतदानाची वेळ संपली. केंद्रावरचे मास्तर लोक यंत्रं तालुक्याला जमा करायच्या गडबडीत, कार्यकर्ते कुठल्या वाडीनं किती साथ दिली याच्या आकडेमोडीत, आणि तरणी पोरं मात्र घड्याळाकडं बघत होती. साडेआठला कतारच्या लुसैल मैदानावर अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची विश्वचषक फुटबॉलची फायनल सुरू होणार होती.

शेतीच्या पानावर फुटबॉल कशाला, असं दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसानं विचारलं तर चालेल. कोल्हापूरकरानं विचारू नये. इथं फुटबॉलचे संघसुद्धा तालमीच्या नावानं आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. ज्या नावानं आखाड्यात माती उकरली, त्याच नावानं शाहू स्टेडियमवर गोल मारायचा. पेठापेठांचा हा नाद मग कॉलेजला येणाऱ्या, कामाला एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांबरोबर गावाकडं पोचला. विश्वचषक आला की ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीचे झेंडे चौकाचौकांत लागतात. मेस्सीचा फलक आणि त्याच्या शेजारी कुणातरी नेत्याच्या वाढदिवसाचा फलक, हे आपल्याकडंच बघायला मिळावं.

आता भारताचा संघ विश्वचषकात नाही, मग हे वेड कशासाठी? १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक २०१७ साली आपल्या देशात झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला, पण आपल्या मातीतलं पोर तिथवर गेलं याचा अभिमान राहिला. मोठ्या विश्वचषकात मात्र आपल्याला परका संघ आपला मानावा लागतो. पुष्कळांनी अर्जेंटिनाला आपलं म्हटलं ते १९८६ साली, दूरदर्शनवर मॅराडोनाला बघून. बापानं मॅराडोनाला बघितलं, पोरगा मेस्सीला बघतो. सातबाऱ्यावर वारस लागावा तसा हा पाठिंबा पुढं चालला आहे.

ज्यांना खेळातलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्पर्धेत आधी साखळी सामने असतात. तीन सामन्यांची गोळाबेरीज होते, म्हणून एक हरलं तरी भरून काढता येतं. २२ नोव्हेंबरला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून २-१ नं हरली तेव्हा कोल्हापुरात तोंडं उतरली होती. पण पुढं मेक्सिको आणि पोलंडला हरवून संघ सावरला. एखाद्या सरीला पाणी कमी बसलं तर पुढच्या पाळीला बघून घ्यावं, तसंच हे. बाद फेरीत पुढची पाळी नसते. हरला तो घरी गेला. बरोबरी झाली तर अर्धा तास जादा खेळायचा, तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी. ३६ फुटांवरून चेंडू मारायचा. समोर २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच गोल, आणि तो राखायला एकटा गोलकीपर.

बाद फेरीची खरी रात्र म्हणाल तर शुक्रवार, ९ डिसेंबरची. रात्री साडेआठला ब्राझील आणि क्रोएशिया, साडेबाराला अर्जेंटिना आणि नेदरलँड्स. ब्राझीलच्या नेमारनं जादा वेळेत गोल केला, आणि सामना हातात आला असं वाटत असताना ११७ व्या मिनिटाला क्रोएशियानं बरोबरी केली. पेनल्टीवर ४-२ नं ब्राझील बाहेर. पिवळे झेंडे लावणाऱ्या गल्ल्या चिडीचूप झाल्या. निळे-पांढरेवाले हसायला मोकळे होते, पण त्यांच्याही पुढं तेच ताट वाढलेलं होतं. अर्जेंटिना २-० नं पुढं असताना ८३ व्या मिनिटाला एक गोल बसला, आणि भरपाईच्या वेळेत, अगदी शेवटच्या क्षणाला, दुसरा. तिथंही पेनल्टी. गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझनं नेदरलँड्सचे पहिले दोन फटके अडवले आणि ४-३ नं निभावलं. तोवर आपल्याकडं पहाटेचे तीन वाजून गेले होते.

त्या वेळेला गावात कोण जागं असतं? एक फुटबॉलवाला आणि दुसरा रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजणारा. पुष्कळदा दोन्ही एकच. डिसेंबर म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटलेली, आडसाली तुटून गेलेला, खोडव्याला पाणी द्यायची घाई. पंपाची वीज मात्र काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरून बसले होते, मागणी हीच की शेतीला दिवसा दहा तास वीज द्या. सामने त्या वर्षी मोबाईलवर जिओ सिनेमात फुकट दिसत होते. एक डोळा दांडाकडं, एक डोळा मोबाईलवर, आणि राधानगरी-भुदरगडाच्या बाजूला कान गव्याच्या चाहुलीकडं. शहरातल्या माणसाला याची मौज वाटेल. पण सामन्यासाठी माणूस हौसेनं जागतो, मोटर चालू करायला मध्यरात्री उठण्यात कसली हौस?

पेनल्टीवरून ग्रामसेवक मंडळींना एक गंमत सांगाविशी वाटते. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा आपण शाळेतल्या पोराला पुढं बोलावतो आणि त्याच्या हातानं चिठ्ठी काढतो. मतमोजणीत दोघांना सारखी मतं पडली तरी चिठ्ठीच. फुटबॉलमध्येही एके काळी हाच रिवाज होता. १९५४ च्या विश्वचषकाला स्पेन जाणार की तुर्कस्तान, याचा निकाल लागेना. रोममध्ये सामना झाला, तोही २-२. शेवटी एका पोराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चिठ्ठी काढली आणि तुर्कस्तान गेलं. १९६८ साली युरोपच्या स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत रशियाची उपांत्य लढत नाणं उडवून सुटली. नाणं इटलीच्या बाजूनं पडलं, आणि पुढं स्पर्धाही इटलीनंच जिंकली. लोक या प्रकाराला कंटाळले, आणि १९७० मध्ये पेनल्टीचा नियम आला. विश्वचषकात तो पहिल्यांदा लागला १९८२ साली, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सच्या उपांत्य सामन्यात.

पेनल्टी चिठ्ठीपेक्षा बरी, हे खरंच. निदान नशिबाबरोबर पाय आणि काळीजही लागतं. पण चिठ्ठीचा एक गुण आहे, तो विसरू नये. चिठ्ठीनं पडलेल्याला कुणी दोष देत नाही. पेनल्टीत एका माणसाचं नाव लागतं.

फायनलला तेच झालं. मेस्सीनं पेनल्टीवर आणि डी मारियानं सुरेख चालीवर गोल करून अर्जेंटिनाला २-० असं पुढं नेलं. ऐंशी मिनिटं झाली तरी फ्रान्स कुठं दिसत नव्हता. टीव्हीपुढची म्हातारी माणसं उठून अंथरुणाकडं वळावीत अशीच ती वेळ. आणि मग एमबापेनं दीड मिनिटाच्या आसपास दोन गोल केले. जादा वेळेत मेस्सीनं पुन्हा एक केला, एमबापेनं पुन्हा फेडला. ३-३. फायनलमध्ये तीन गोल करणारा एमबापे हा दुसराच, आधीचा इंग्लंडचा जेफ हर्स्ट, १९६६ चा. अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलसमोर आला आणि मार्टिनेझनं डावा पाय पसरून चेंडू अडवला. तो पाय अर्ध्या विताएवढा कमी पडला असता तर त्या रात्री कोल्हापुरात फटाके वाजले नसते.

पेनल्टीत कोमानचा फटका मार्टिनेझनं अडवला, चुआमेनीचा बाहेर गेला. अर्जेंटिना ४-२ नं जिंकली, ३६ वर्षांनी. इकडं साडेअकराच्या सुमारास हलगी कडाडली. तिकडं कोमान आणि चुआमेनीला समाजमाध्यमांवर वर्णावरून शिवीगाळ सुरू झाली. दोघंही विशी-पंचविशीतली पोरं. देशाला फायनलपर्यंत नेणाऱ्यांत तीही होती.

आपण काही वेगळे आहोत असं मानायचं कारण नाही. आपल्याच मैदानात पेठांच्या सामन्यात दगड उचलले गेले आहेत आणि खेळ थांबवावा लागला आहे. गावकीत तर पडलेल्या उमेदवाराच्या दारात मुद्दाम फटाके लावायचे, भावकीत बोलणं तोडायचं, त्याच्या रानाकडं जाणारी वाट अडवायची, असले प्रकार पाच-पाच वर्षं चालतात. फुटबॉलवाल्यांचं एक बरं असतं. ब्राझीलवाला नि अर्जेंटिनावाला महिनाभर भांडतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच ट्रॉलीत ऊस भरतात.

१८ तारखेच्या रात्री गावागावांत एक निकाल लागला होता आणि एक लागायचा होता. मंगळवारी, २० डिसेंबरला, मतमोजणी झाली. गुलाल उधळला, ज्याला त्याला कळायचं ते कळलं. त्याच मंगळवारी ब्युनोस आयर्समध्ये सरकारी सुट्टी होती. विश्वविजेते उघड्या बसमधून निघाले, पण रस्त्यावर लाखोंची गर्दी, बस पुढं सरकेना. शेवटी खेळाडूंना हेलिकॉप्टरमधून न्यावं लागलं. आपल्याकडच्या मिरवणुकांना ट्रॅक्टर पुरला.