वाटीभर दह्यातले हजार कोटी

चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली आणि वज्रेश्वरीला बोललेला नवस फेडला. भिवंडी तालुक्यातलं वज्रेश्वरीचं देऊळ त्या नवसाचं, अशी परंपरा आहे. समजा, त्या वर्षी देवळाच्या पायरीवर बसून कोणी एका वाटीतल्या दह्याचे जिवाणू मोजायला घेतले असते. सेकंदाला एक, रात्री झोप नाही, दुपारी जेवण नाही. इंग्रज आले आणि गेले, हातमागाच्या भिवंडीत यंत्रमागांची खडखड सुरू झाली, मुंबई-नाशिक रस्त्याच्या कडेला मैलोन्मैल गोदामं उभी राहिली, तरी तो आजही मोजतच बसला असता. अजून तीसेक वर्षांचं काम त्याच्यापुढे शिल्लक असतं.

हिशोब साधा आहे. एका ग्रॅम दह्यात दहा कोटी जिवंत जिवाणू धरले, तर शंभर ग्रॅमच्या वाटीत हजार कोटी होतात. पृथ्वीवर माणसं आठशे कोटींच्या थोडी वर. मी आकडा फुगवलेला नाही, उलट हात आखडताच ठेवला आहे. घरी लावलेल्या ताज्या, कवडी दह्याच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटीही सापडू शकतात.

हे मोजतात कसे, तेही पाहण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत कोणी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जिवाणू टिपत बसत नाही. एक ग्रॅम दही दहापट पातळ करायचं, त्यातला थोडा भाग पुन्हा दहापट, असं सहा वेळा. म्हणजे दहा लाख पट पातळ झालं. त्यातला एक मिलिलिटर पोषक थर दिलेल्या बशीत घालून बशी उबेत ठेवायची. जिथे एक जिवंत जिवाणू पडला तिथे दोन-तीन दिवसांत डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका उगवतो. शंभर ठिपके दिसले की मूळ ग्रॅममध्ये दहा कोटी होते असं समजायचं. मेलेले या मोजणीत येतच नाहीत. दह्याच्या बाबतीत मला हेच महत्त्वाचं वाटतं, कारण डब्यावर नावं कितीही छापलेली असोत, प्रश्न जिवंत किती हाच असतो.

आता हे हजार कोटी येतात कुठून? लिटरभर कोमट दुधात आपण चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम, विरजण घालतो. त्यात शंभर कोटी जिवाणू. लिटरभर दुधात पसरले की ग्रॅममागे दहा लाख उरतात. चांगल्या उबेत ते साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरू. सात वेळा दुप्पट झाले की ग्रॅममागे दहा कोटींच्या पुढे जातात, दहा वेळा झाले की शंभर कोटींच्या. म्हणजे साडेतीन ते पाच तास. भिवंडीच्या मे महिन्यात ओट्यावर झाकून ठेवलेलं दूध दुपारपर्यंत का लागतं आणि लंडनच्या जानेवारीत तेच दूध सकाळी तसंच पातळ का राहतं, याचं उत्तर या अर्ध्या तासात आहे. ऊब कमी झाली की अर्ध्या तासाचे दोन तास होतात, तीन होतात, आणि दही अधमुरं राहतं.

हीच दुपटीची गणती पुढे चोवीस तास न थांबता चालली असती तर? अठ्ठेचाळीस दुपटी झाल्या असत्या. एका जिवाणूचं वजन एका ग्रॅमच्या लाख कोटींव्या भागाएवढं. तरीही चमचाभर विरजणातून दुसऱ्या दिवशी सुमारे पावणेतीन लाख टन जिवाणू तयार झाले असते. दहा टनांचे अठ्ठावीस हजार ट्रक भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यावर एकामागोमाग उभे करावे लागले असते. तसं होत नाही, कारण ते स्वतःच स्वतःला थांबवतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन ते लॅक्टिक आम्ल सोडतात. दुधाचा सामू ६.६ वरून ४.६ वर येतो. दोनाचा फरक ऐकायला छोटा वाटतो, पण सामूच्या मोजपट्टीत त्याचा अर्थ आम्लता शंभर पट वाढली असा होतो. तिथे दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून बसतं आणि दही घट्ट होतं. आम्ल आणखी वाढलं की जिवाणूंची वाढ मंदावत थांबते. योगर्टच्या जोडगोळीत आधी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस जोरात वाढतो आणि त्याने सोडलेल्या फॉर्मिक आम्लावर लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस पोसतो. बल्गेरिकस प्रथिनं फोडून पहिल्याला अन्न पुरवतो. घरच्या विरजणात या दोघांखेरीज लॅक्टोकॉकससारखे आणखीही रहिवासी असतात, आणि ते घरागणिक बदलतात.

घरचं हे विरजण मागे ठेवून माणूस परदेशी जातो. भिवंडीतल्या कितीतरी कोकणी मुस्लिम घरांतली माणसं नोकरीसाठी आखातात गेली, इतर मराठी घरांतली मुलं न्यू जर्सी, लंडन, सिडनीला. आखातात अडचण कमी, कारण तिथे झबादी आणि लबन हे दही-ताकाचे प्रकार रोजच्या खाण्यात आहेत. बाकी ठिकाणी दुकानातल्या थंडगार कपाटासमोर उभं राहिलं की पन्नास डबे दिसतात, आणि घरच्यासारखं, पोटाला बरं वाटणारं दही यातलं नेमकं कोणतं, ते कळत नाही.

इथे पुन्हा आकडेच उपयोगी पडतात, कारण देशोदेशीचे नियम वेगवेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार योगर्टमध्ये ग्रॅममागे किमान एक कोटी जिवाणू हवेत. जपानमध्येही मिलिलिटरमागे एक कोटीच. ऑस्ट्रेलियात दहा लाख पुरतात. अमेरिकेत २०२१ च्या नियमाप्रमाणे डब्यावर जिवंत जिवाणूंचा दावा करायचा तर तयार होताना ग्रॅममागे एक कोटी आणि विकण्याची मुदत संपेपर्यंत दहा लाख टिकले पाहिजेत. दही लागल्यावर ते तापवून जिवाणू मारले असतील, तर तसं डब्यावर लिहावं लागतं. युरोपीय संघात योगर्ट लॅक्टोज पचवायला मदत करतं असं लिहायला परवानगी आहे, पण त्यासाठी ग्रॅममागे दहा कोटी दाखवावे लागतात. म्हणजे कायद्याने दही म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन डब्यांत शंभर पट फरक असू शकतो, आणि दोन्ही डबे सारखेच पांढरे दिसतात.

त्यावर मग प्रोबायोटिकची जाहिरात येते. भारतात मिळणाऱ्या याकुल्टच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत साडेसहाशे कोटी जिवाणू असतात, आणि त्यांचा वाण मिनोरू शिरोता यांनी १९३० साली जपानमध्ये वेगळा केला होता. परदेशी औषधदुकानांत पाच हजार कोटींची एकेक कॅप्सूल मिळते. आकडा ऐकून माणूस खिशात हात घालतो. पण पोटाचा हिशोब मांडल्याशिवाय त्याने तो घालू नये असं मला कळकळीने वाटतं.

२०१६ साली रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो या संशोधकांनी हा हिशोब नव्याने मांडला. माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींपेक्षा जिवाणू दहापट, असं आधी सगळीकडे सांगितलं जायचं. त्यांनी दाखवलं की सत्तर किलोच्या तरुण पुरुषाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी आणि अडतीस लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे जवळजवळ बरोबरी. या जिवाणूंचं एकूण वजन मात्र दोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात, आणि तिथल्या एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार कोटी असतात.

आता आपली वाटी या गर्दीत नेऊन ठेवा. हजार कोटी म्हणजे अडतीस लाख कोटींचा तीन हजार आठशेवा भाग. तेही वाटेत एकसुद्धा मेला नाही असं धरलं तर, आणि पोटातलं आम्ल तर त्यांतल्या अनेकांना वाटेतच संपवतं. पाच हजार कोटींची महागडी कॅप्सूल घेतली तरी मोठ्या आतड्यातल्या अर्ध्या ग्रॅममध्ये तेवढे आधीच बसलेले असतात. आणखी एक गोष्ट आहे. शौचावाटे शरीर रोज साधारण दहा लाख कोटी जिवाणू बाहेर टाकतं, म्हणजे हजार वाट्या दह्यातले, आणि त्यांच्या जागी तितकेच आत नव्याने जन्मतात. हे रोजचे दहा लाख कोटी पोसले जातात ते आपल्याला न पचलेल्या अन्नावर: डाळींची सालं, भाकरीतला कोंडा, पालेभाजीचे तंतू.

म्हणून दही निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. त्यातले जिवाणू वस्तीला राहत नाहीत, पण जाता जाता काम करतात. लॅक्टोज फोडणारं विकर त्यांच्या पेशीत असतं. ते लहान आतड्यापर्यंत पोचतं आणि ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही दही सोसतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ निरोगी प्रौढांना दहा आठवडे वेगवेगळा आहार दिला. दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्या गटात आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनं रक्तात कमी झाली. गट लहान होता, पण दिशा स्पष्ट दिसते.

परदेशी राहणाऱ्यांनी मात्र २०१८ चा मिनेसोटातला अभ्यास जास्त मनावर घ्यावा. आग्नेय आशियातल्या आणि तिथून अमेरिकेत आलेल्या मोंग आणि कारेन समाजातल्या स्त्रियांचे पाचशेहून अधिक नमुने तपासले गेले. अमेरिकेत आल्यावर नऊ महिन्यांच्या आतच त्यांच्या आतड्यातली प्रीव्होटेला ही जिवाणूंची जात कमी होऊन बॅक्टेरॉइड्स ही दुसरी जात वाढू लागली होती. प्रीव्होटेला वनस्पतींचे तंतू फोडणारी. जितकी वर्षं जास्त, तितकं वैविध्य कमी, आणि पुढच्या पिढीत आणखी कमी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यांचा अभ्यास केला, तेव्हा हीच प्रीव्होटेला त्यांना भारतीयांत विशेष भरलेली आढळली होती. भिवंडी सोडून गेलेला माणूस पोटात काय घेऊन जातो आणि काय गमावू शकतो, ते या दोन अभ्यासांतून दिसतं. ही गळती दह्याच्या डब्याने एकट्याने भरून निघणार नाही. अमेरिकेत सरासरी प्रौढाच्या पोटात दिवसाला जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम तंतू जातात, खरी खोट तिथे आहे.

तेव्हा परदेशात डबा निवडताना साधं, बिनसाखरेचं दही घ्या. जिवंत जिवाणू असल्याचं लिहिलेलं आहे, तापवलेलं नाही आणि मुदत लांब आहे, एवढं पाहा. पहिला डबा हेच विरजण समजा. दूध उकळून बोट सोसेल इतकं कोमट करा, चमचाभर दही ढवळा आणि भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. दुसऱ्या दिवसासाठी एक चमचा बाजूला काढा. डब्यावर नाव असलेली खास प्रोबायोटिक प्रजाती घरी पुन्हापुन्हा लावताना टिकेलच असं नाही, म्हणून मधूनमधून नवा डबा आणून विरजण बदला. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांनी प्रोबायोटिक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. बाकीच्यांना माझं सांगणं एवढंच: हजारो कोटींच्या कॅप्सूलवर पैसे घालू नका, रोज एक वाटी घरचं दही खा आणि वाचलेल्या पैशांत सालीचे मूग, चवळी, नाचणीचं आणि ज्वारीचं पीठ आणा.