आधी एरियल, मग ॲप

ज्यांच्या घरी पोस्टात पैसे भरून दरसाल नवे करून घ्यावयाचे रेडिओच्या परवान्याचे पुस्तक घराच्या फेरफारांच्या कागदांबरोबर कपाटात जपून ठेवलेले असे, त्या पिढीला रेडिओ ही एक वस्तू आहे हे कोणी सांगावे लागत नसे. आजच्या तरुणाला मात्र रेडिओ म्हणजे मोबाइलवर उतरवून घ्यावयाचे एक ॲप वाटते, आणि ‘सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ’, संक्षेपाने एसडीआर, हे नाव तर या समजुतीवर जणू सरकारी शिक्काच मारते. नावातच सॉफ्टवेअर आहे, तेव्हा सॉफ्टवेअर घेतले की रेडिओ आला, असा सरळ हिशेब. गडचिरोली जिल्ह्यात मास्तरकी करणारे माझे एक स्नेही आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा मार्ग बंद होतो, पुष्कळदा वीज आणि मोबाइलचे नेटवर्कही त्याच दिवशी रजेवर जाते, आणि अशा वेळी निदान बातम्या तरी कानी पडाव्यात म्हणून त्यांनी या जातीची चार-पाच ॲप फोनमध्ये भरून ठेवली होती. ऐन वेळी एकही बोलेना. ‘यांतले चांगले कोणते तेवढे सांगा,’ असे त्यांनी विचारले, तेव्हा प्रश्नच उलट्या टोकाने धरला आहे हे त्यांना समजावून सांगण्यात माझी एक सबंध संध्याकाळ गेली. प्रस्तुत लेख हा त्या संध्याकाळचाच विस्तार होय.

ॲप हे स्वतः काही ऐकत नाही, ही यातली पहिली वस्तुस्थिती. प्रसारभारतीचे ‘न्यूज ऑन एअर’ घ्या; आकाशवाणीची केंद्रे त्यावर सुरेख ऐकू येतात, पण ती इंटरनेटवरून येतात, हवेतून नव्हे, आणि नेटवर्क नसेल तेथे ते ॲप मौनव्रत धारण करते. काही मोबाइलांत एफएमचा स्वतंत्र घटक असतो व इअरफोनची तार हीच त्याची एरियल असते. तो खरा रेडिओ खरा, पण एफएमच्या पट्ट्याबाहेर त्याचा अंमल चालत नाही. एसडीआरचे ॲप या दोहोंहून निराळे आहे. त्याला बाहेरून एक यंत्र जोडावे लागते, आणि ते नसेल तर ॲप म्हणजे जमाखर्चाच्या वह्या मांडून बसलेला, पण ज्याच्या पेढीवर कोणी गिऱ्हाईकच येत नाही असा मुनीम.

हे यंत्र म्हणजे बोटाएवढी यूएसबी डोंगल. मुळात ती युरोपातल्या पद्धतीचे दूरदर्शन संगणकावर पाहण्याकरिता निघाली. परंतु तिच्यातील रिअलटेक कंपनीची आरटीएल2832यू ही चिप कच्चे संकेत जसेच्या तसे बाहेर देऊ शकते, हे फिनलंडचे अँटी पालोसारी आणि ऑस्मोकॉम या गटातील मंडळींच्या खटपटीतून 2012 च्या सुमारास उजेडात आले, आणि दूरदर्शनसाठी घडलेली ही स्वस्त वस्तू एकाएकी जगभरच्या हौशी श्रोत्यांच्या हाती पडली. डोंगल हवेतील लहरींचा एक तुकडा उचलते, सेकंदाला चोवीस लाख वेळा त्याची मोजदाद करते, आणि प्रत्येक मोजणीचे दोन आकडे फोनच्या हवाली करते. त्या आकड्यांतून आवाज काढण्याचे, म्हणजे पूर्वी कॉइल आणि कंडेन्सर करीत ते काम, आता गणिताने होते. सॉफ्टवेअर हा शब्द एवढ्यापुरताच खरा. ही आकडेमोड जशीच्या तशी साठवायची म्हटली तर तासाला सुमारे 17 गिगाबाइट जागा खाते, हेही ‘रेकॉर्ड’चे बटण दाबण्यापूर्वी ध्यानात असावे.

दुसरा गैरसमज असा की अशी डोंगल जोडली म्हणजे आकाशातले सगळेच ऐकू येते. बहुसंख्य स्वस्त डोंगलांची मजल सुमारे 24 पासून 1,766 मेगाहर्ट्झपर्यंत असते. वरच्या टोकाला वायफाय वगैरे प्रांत तिच्या सीमेबाहेर राहतात, त्याचे दुःख नाही. परंतु खालच्या टोकाला जे हुकते ते नेमके आपल्या जिव्हाळ्याचे. विदर्भाच्या दोन-तीन पिढ्यांनी ज्या नागपूर केंद्रावर कान घडवले, ते 1948 साली सुरू झालेले केंद्र मध्यम लहरींवर 585 किलोहर्ट्झला लागे. 1988 साली राष्ट्रीय वाहिनीकरिता नागपुरास 1,566 किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक उभा राहिला, तोही मध्यम लहरींचाच. हा सगळा मुलूख 24 मेगाहर्ट्झच्या पुष्कळ खाली आहे. तेथे पोचायचे तर थेट मोजणीची सोय असलेली, अथवा खालच्या लहरी वर चढवून देणारा जोडभाग अंगातच असलेली डोंगल घ्यावी लागते, आणि ॲपमध्येही त्या सोयीची कळ असावी लागते. पुष्कळ ॲपांत ती नसते. मास्तरांच्या गरजेचा विचार करता, त्यांनी तूर्त या भानगडीत न पडता सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्यावा, हाच सल्ला मी प्रथम दिला. तो त्यांना रुचला नाही हे कबूल केले पाहिजे.

‘अमुक ॲपने लांबचे पकडते’ हा तिसरा समज तर सर्वांत चिवट. एफएमच्या लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत जातात. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास 4.12 ने गुणले म्हणजे त्या उंचीवरून रेडिओचे क्षितिज किती किलोमीटरांवर आहे ते कळते. शंभर मीटर उंच मनोऱ्याचे क्षितिज 41 किलोमीटर, आणि दोन मीटरवर धरलेल्या एरियलचे जेमतेम सहा. दोहोंची बेरीज 47. चंद्रपुराहून भामरागड हवाई अंतराने सुमारे दीडशे किलोमीटर, सिरोंचाही जवळजवळ तितकेच. मधला प्रदेश सपाट असता तरी हा हिशेब जुळला नसता. मग डोंगर आणि आलापल्लीकडची ती उंचच उंच सागाची झाडी मध्ये उभी असताना ॲपला दोष काय म्हणून द्यायचा? हेच सूत्र विमानाला लावून पाहावे. दहा हजार मीटरवरून जाणाऱ्या विमानाचे क्षितिज 412 किलोमीटर भरते, आणि विमाने आपला ठावठिकाणा 1,090 मेगाहर्ट्झवर सतत जाहीर करीत असतात; त्यामुळे जेथे शेजारच्या जिल्ह्याचे एफएम लागत नाही, तेथे मोकळ्या आभाळाखाली सात सेंटिमीटरची तार उभी केली असता माथ्यावरून जाणारी विमाने फोनच्या पडद्यावर एकामागून एक उमटू लागतात. झाडीचा जाच मात्र लहरी जितक्या आखूड तितका अधिक. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि श्रावणात त्याची सुपाएवढी पाने पाण्याने निथळत असतात. एकाच ओसरीवर वैशाखात जे येते ते श्रावणात येत नाही, याचा उलगडा ॲपच्या नव्या आवृत्तीत शोधू नये.

चंद्रपूर शहराची कैफियत निराळी. तेथे औष्णिक वीज केंद्र आहे, खाणी आहेत, आणि तेथूनच मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर लांबीची, 500 किलोव्होल्ट दाबाची एकदिश वीजवाहिनी गेली आहे. उच्च दाबाच्या तारा, त्यांवरील धूळ बसलेले इन्सुलेटर, घरोघरचे एलईडी दिवे आणि खुद्द फोनचा चार्जर यांची मिळून एक अखंड खरखर असते, आणि ती पडद्यावरच्या ‘धबधब्या’त, म्हणजे वरून खाली सरकणाऱ्या त्या रंगीत पटात, उभ्या पिवळ्या रेघांच्या रूपाने स्पष्ट दिसते. नवखा मनुष्य अशा वेळी ‘गेन’ची, म्हणजे संकेत वाढवण्याची, पट्टी शेवटपर्यंत सरकवतो. त्याने संकेत वाढतो तशी खरखरही वाढते. जवळच एखादे प्रबळ केंद्र असेल तर डोंगलचा कान बधिर होतो आणि एकच केंद्र पट्टाभर दहा ठिकाणी दिसू लागते. पट्टी निम्म्यावर आणावी, चार्जर काढावा, आणि डोंगल व फोन यांच्यामध्ये हातभर यूएसबी वायर घालावी; कोणत्याही ॲपने होणार नाही एवढा फरक या तीन गोष्टींनी पडतो.

उपग्रहांची चित्रे घेण्याच्या हौसेतही एक ताजी फसगत आहे. अमेरिकेच्या नोआ 15, 18 आणि 19 या हवामान उपग्रहांची चित्रे 137 मेगाहर्ट्झच्या आसपास घरबसल्या घेता येत. त्यांच्याकरिता लिहिलेली ॲप अजून दुकानात आहेत, त्यांची स्तुतिस्तोत्रेही जागोजाग आहेत, परंतु हे तिन्ही उपग्रह 2025 च्या जून ते ऑगस्ट या काळात निवृत्त झाले. आता त्या जागी पाहायचे ते रशियाचे मेटिओर मालिकेतील उपग्रह. त्यांची चित्रे अंकीय पद्धतीने येतात, आणि जुन्या ॲपला ती उलगडत नाहीत. एरियलचे माप मात्र तेच राहिले: प्रत्येकी 53 सेंटिमीटरच्या दोन दांड्या, 120 अंशांत उघडलेल्या, जमिनीशी समांतर.

आता वाघाविषयी. या दोन जिल्ह्यांत रेडिओचे बोलणे निघाले की कोणी ना कोणी आवाज उतरवून विचारतोच: गळ्यात पट्टा असलेला वाघ कोठे आहे ते याने कळते काय? भारतीय वन्यजीव संस्था आणि वन विभाग यांनी ताडोबा-ब्रह्मपुरीच्या टापूत वाघांना पट्टे लावून अभ्यास केला आहे, हे खरे. पण पट्ट्यातून हवेत जाते ती केवळ एक ‘टिक्-टिक्’. तिच्यात ना गाव असते ना गट नंबर. दिशा काढायला हातात फिरवण्याची दिशादर्शक एरियल, ठाऊक असलेली वारंवारता आणि पाठीशी वर्षांचा सराव लागतो. नेमका ठिकाणा असतो तो उपग्रहामार्फत संशोधकांकडे जातो, आणि 2013 साली पन्ना व्याघ्र प्रकल्पातील एका वाघाबाबत जो धोका निर्माण झाल्याचे वृत्त आले तो रेडिओतून नव्हे, संशोधकाची ई-मेल उघडण्याच्या प्रयत्नातून. शिवाय ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेण्यासच मनाई आहे, तेव्हा हा विषय प्रवेशद्वाराशीच संपतो.

‘ऐकायला कसला कायदा?’ हाही प्रश्न येतो, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ध्वनिक्षेपण सर्वांसाठी असते. पोलिसांचे वा वनरक्षकांचे बिनतारी संभाषण सर्वांसाठी नसते. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा यांच्या जागी आलेला 2023 चा दूरसंचार कायदा संदेश बेकायदेशीरपणे मध्येच पकडण्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही फर्मावतो. तसेच ही डोंगल फक्त ऐकते, बोलत नाही. पुरात तिचा वॉकी-टॉकी होईल या आशेवर कोणी राहू नये. बोलायचे असेल तर दूरसंचार विभागाची हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढावा. मास्तरांच्या वर्गातील बारा वर्षांचे पोरही ती देऊ शकते.

एवढे झाल्यावर ॲपची निवड अर्ध्या तासाची. आयफोनला डोंगल थेट जोडून चालत नाही; दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कवाटे आलेले संकेतच तेथे ऐकता येतात, म्हणून या मुलुखासाठी अँड्रॉइडच. डोंगलचा ड्रायव्हर पुष्कळदा निराळे ॲप म्हणून घ्यावा लागतो, आणि तो विसरल्याने ‘ॲप चालत नाही’ अशा तक्रारी होतात. ‘एसडीआर टच’ नवख्याला सोपे, ‘आरएफ ॲनालायझर’चा सोर्स कोड सर्वांस खुला असून धबधबा वाचायला शिकण्यास ते उत्तम, ‘एसडीआर प्लस प्लस’ सर्वांत समर्थ, परंतु त्याची बटणे संगणकाच्या पडद्याच्या मापाची वाटतात आणि जाड बोटांच्या माणसाची परीक्षा पाहतात. यांपैकी काहीही घ्यावे, पण अहेरी सोडण्यापूर्वी, म्हणजे नेटवर्क असतानाच, घ्यावे, फोन विमान-अवस्थेत टाकून एकदा चालवून पाहावे, आणि विकत घेतलेले असेल तर नेटवर्क नसताना ते आपली खरेदी ओळखते की नाही याची खात्री करावी. मास्तरांनी अखेर ‘एसडीआर टच’ ठेवले. डोंगल फोनला जोडणाऱ्या ओटीजीच्या वायरी मात्र मी त्यांना दोन घ्यायला लावल्या. एक हमखास पिशवीच्या तळाशी तुटते.