पिकलेल्या टाक्यांचा हिशेब

पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे आणि तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन बाहेरच्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जातात. ऊस, मळी, मळीपासून निघणारा अल्कोहोल हे इथल्या माणसाला नवे नाही. करोनाच्या साथीत राज्यातल्या साखर कारखान्यांनी याच अल्कोहोलपासून सॅनिटायझर बनवले. ज्या कृतीने ते बनते, ती जागतिक आरोग्य संघटनेने कुणाची मालकी न ठेवता साऱ्या जगाला खुली केलेली आहे. दहा लिटरसाठी ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७, ग्लिसरॉल १४५ आणि उरलेले उकळून गार केलेले पाणी. मिश्रण ७२ तास तसेच ठेवायचे, म्हणजे अल्कोहोलला दाद न देणारे बाटलीतले बीजाणू पेरॉक्साइडने मरतात. ग्लिसरॉल असते ते दिवसभर हात चोळणाऱ्या परिचारिकेची कातडी फुटू नये म्हणून. आफ्रिकेत माली देशातल्या बामाकोच्या एका रुग्णालयाने हीच कृती तिथल्याच उसाच्या अल्कोहोलवर चालवली. हात स्वच्छ करायला हवेत अशा शंभर प्रसंगांपैकी आधी जेमतेम ८ वेळा ते केले जात होते, नंतर ते प्रमाण २२च्या घरात गेले. आकडा लहान आहे, पण तो मोजलेला आहे, आणि मुद्दा तोच आहे.

रुग्णालयातला संसर्ग रोखण्याच्या जागतिक सहकार्यातून आपण बाटली उचलली, भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचे चित्र लावले, पिवळ्या-लाल-निळ्या कचरापेट्या मांडल्या. मोजणी मात्र तालुक्यापर्यंत आलीच नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि १९९८पर्यंत रुग्णालयात लागण होणाऱ्यांचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९वर आले. हे कळले, कारण कुणीतरी वर्षानुवर्षे खाटेशेजारी उभे राहून टिपणे घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या शंभर रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच नवा संसर्ग जडतो. या पंधरांत पाथर्डीचे किती, हे कुणी सांगू शकेल असे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो अब्रूचा. आकडे उघड केले की बदनामी आपलीच. हा आक्षेप पोकळ नाही. २००८मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात औषधांना न जुमानणारा जंतू सापडला आणि त्याच्यातल्या विकराला थेट नवी दिल्लीचे नाव चिकटले. ऑगस्ट २०१०मध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात त्यावर लेख आला तेव्हा भारत सरकार संतापले, आणि नावाबद्दलचा तो राग रास्तच होता. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय नियतकालिकातच लिहून ठेवले होते, की तपासलेल्या २४ प्रतिरोधक जंतूंपैकी २२ जंतूंत हेच विकर आढळले. नाव काहीही दिले असते तरी ते २२ तिथे होतेच. पुढे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साथीने देशभरातल्या रुग्णालयांचे जाळे उभे केले. मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या दीड वर्षात २६ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतून रक्तातल्या संसर्गाच्या २,६२२ आणि मूत्रमार्गातल्या ७३७ घटना नोंदल्या गेल्या. त्याने देशाची बदनामी झाली नाही. उलट आपण कुठे उभे आहोत ते कळले. खंत एवढीच, की असे जाळे मोठ्या शहरी रुग्णालयांवर थांबते. महामार्गावर अपघात झालेला माणूस पाथर्डीहून नगरला, तिथून पुण्याला जातो. प्रत्येक खाटेवरचे जंतू त्याच्याबरोबर पुढे जातात, नोंद मात्र शेवटच्याच खाटेवर होते.

संसर्ग असा माणसांबरोबर एका जागेहून दुसऱ्या जागी जातो आणि सेवा करणाऱ्यांनाच आधी गाठतो, हे मुंबईच्या प्लेगने सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवले होते. १८९७मध्ये प्लेगचा अभ्यास करायला देशोदेशीची पथके मुंबईत आली. ऑस्ट्रियाच्या पथकाने व्हिएन्नाला नेलेल्या जंतूंची लागण ऑक्टोबर १८९८मध्ये प्रयोगशाळेतल्या एका सेवकाला झाली. तो गेला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्यावर उपचार करणारे डॉ. हेर्मान म्युलर आणि शुश्रूषा करणारी परिचारिका. म्युलर स्वतः मुंबईला येऊन गेलेले तज्ज्ञ होते. लागण झालेल्यांना वेगळे ठेवल्यामुळे शहर वाचले. आधी कर्मचारी मरतात, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत अजूनही मागेच राहते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात, बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना, मोजणार कोण? पाणी आणि माणसे आधी हवीत, यात वाद नाही. पण मोजणी म्हणजे प्रयोगशाळाच हवी असे नाही. महिन्यात सिझेरियन किती झाली आणि त्यातल्या किती बायकांचे टाके तीस दिवसांत पिकले, एवढ्या दोन आकड्यांना एक वही पुरते. बाळंतीण घरी गेल्यावर आशाताई बाळाला पाहायला ठरावीक दिवशी जातातच. ही भेट ज्या योजनेतून होते, तिचे मूळ गडचिरोलीतल्या ‘सर्च’च्या कामात आहे. गावातल्या बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखला, उपचार केले, आणि ते निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. जग आपल्याला शिकवते आणि आपण ऐकायचे, असे हे सहकार्य नाही. आशाताईंनी त्याच भेटीत आईची जखमही पाहावी आणि त्यासाठी वेगळे मानधन मिळावे. फुकटात आणखी एक रकाना त्यांच्या माथी मारणे अन्याय ठरेल. राहता राहिली फडावर गेलेली बाळंतीण. तिचे टाके पिकले तर ती परमुलखातल्या दवाखान्यात जाते आणि पाथर्डीच्या वहीत ती ठणठणीतच राहते. तिच्यासाठी कारखान्याच्या तालुक्यातून उलट कळवण्याची सोय लागेल. एक फोन पुरेल.

केंद्राने जानेवारी २०२०मध्ये काढलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीची तरतूद आहेच. तालुक्यातल्या सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांत पाथर्डीकरांनी आता एक प्रश्न जरूर विचारावा: गेल्या वर्षी तुमच्याकडे किती शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या किती जखमा चिघळल्या?