गेट अडकलंय, चावी कुणाकडे आहे?

(ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

घरांना दरवाजे नसलेलं गाव म्हणून ज्याची जगभर चर्चा होते, ते शनिशिंगणापूर आपल्याच जिल्ह्यातलं, नेवासा तालुक्यातलं. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा केवढ्या बातम्या आल्या! पण त्या बातम्या नीट वाचल्या तर गंमत कळते. दरवाजा काचेचा, आणि त्याला सहज नजरेत न येणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप. म्हणजे शिंगणापुरातही विजेचं दार पोहोचलं, तर सावेडी आणि केडगावच्या अपार्टमेंट कशा मागे राहतील?

तर आजचा विषय, बिल्डिंगचं ऑटोमॅटिक गेट. शहराचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण गेटवाला मिस्त्री फोनवर "नगरला पोचलो" असंच सांगतो, त्यामुळे मीही बोलताना नगरच म्हणणार.

आपल्याकडे जास्त करून सरकतं गेट असतं. खाली लोखंडी पट्टीचा रूळ, त्यावर गेटची चाकं. आतल्या बाजूला सिमेंटच्या ओट्यावर मोटरचा डबा. डब्यातून एक दातेरी चाक बाहेर आलेलं असतं आणि गेटला लांबच लांब दातेरी पट्टी लावलेली असते, तिला रॅक म्हणतात. चाक फिरलं की पट्टी सरकते, पट्टीबरोबर गेट. कुठे थांबायचं हे मोटरला लिमिट स्विच सांगतो. रॅकच्या दोन्ही टोकांना चुंबक किंवा पत्र्याचा तुकडा असतो तो त्यासाठीच. वेग साधारण मिनिटाला १० ते १२ मीटर, म्हणजे ४ मीटरचं गेट उघडायला २०-२५ सेकंद. तेवढा धीर धरायचा. मध्येच रिमोट दाबून गेट उलटसुलट पळवणं हा मोटरवर सरळसरळ अत्याचार आहे.

आता मुद्द्याचं. मोटर हा फक्त ढकलणारा हात आहे. गेटचं वजन रुळाने आणि चाकांनी पेलायचं असतं, मोटरने नाही. त्यामुळे गेट चांगलं आहे की नाही हे रिमोटने कधीच कळत नाही. ते असं कळतं: मेन स्विच बंद करा, मोटरच्या डब्यावरची रिलीज चावी फिरवा, आणि गेट हाताने ढकला. एका माणसाला, फार जोर न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेता आलं पाहिजे. मध्ये कुठे अडत असेल तर तिथे रूळ वाकलाय, माती भरलीय किंवा चाकाची बेअरिंग गेलीय. आपल्याकडे पाऊस कमी आणि धूळ भरपूर. रुळाच्या कडेला माती घट्ट बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि मग मोटर बिचारी कण्हत चिखल ढकलते. आठवड्यातून एकदा रूळ झाडला तरी अर्ध्या तक्रारी संपतात. आणि रॅकला ग्रीस फासू नका हो. चकचकीत दिसतं, पण त्यावर धूळ चिकटून पॉलिश पेपर तयार होतो आणि दाते झिजतात.

हाताने ढकलताना आणखी एक गोष्ट बघा, आणि ही मोटरपेक्षा कितीतरी महत्त्वाची. गेट रुळाच्या शेवटी गेल्यावर त्याला अडवणारा लोखंडी स्टॉपर आहे का? वर गेटला उभं धरून ठेवणारे रोलर जागेवर आहेत का? २०२४ च्या जुलै अखेरीस पिंपरी-चिंचवडमधल्या बोपखेलमध्ये मुलं खेळताना सरकतं लोखंडी गेट पडलं आणि साडेतीन वर्षांची मुलगी गेली. त्याचा सीसीटीव्ही व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर आला असेल. आपण तो फॉरवर्ड केला, हळहळलो. पण किती जणांनी खाली जाऊन स्वतःच्या गेटचा स्टॉपर बघितला? लिमिट स्विच बिघडला तर मोटर गेटला रुळाबाहेर नेऊ शकते. तेव्हा अडवतो तो फक्त वेल्डिंग केलेला लोखंडाचा तुकडा. त्याचा खर्च मोटरच्या मानाने काहीच नाही.

दुसरं, फोटोसेल. गेटच्या दोन बाजूंना समोरासमोर छोट्या काळ्या डब्या दिसतात, त्यांच्यामध्ये न दिसणारा इन्फ्रारेड किरण असतो. किरण तुटला की बंद होणारं गेट थांबायला किंवा मागे जायला हवं. काचेवर धूळ बसली, कोळ्याने जाळं केलं की गेट बंदच होत नाही. मग फोन जातो, आणि एखादा मिस्त्री फोटोसेलची वायर जोडून टाकतो. गेट झकास चालतं! फक्त आता त्याला समोरची सायकल, मांजर, लहान मूल यातलं काहीच दिसत नाही. तसंच फोर्स सेटिंगचं. गेट अडतंय म्हणून बोर्डावर जोर वाढवून दिला, की चिखल चिरडणारा तोच जोर उद्या कुणाच्या पायावर येतो. महिन्यातून एकदा बंद होणाऱ्या गेटसमोर झाडूचा दांडा धरा. झाडू हं, पाय नाही. गेट थांबलं नाही तर ते दुरुस्त होईपर्यंत हाताने चालवा.

सकाळी शाळेच्या रिक्षांच्या वेळी गेट सारखं उघडतं-मिटतं आणि अचानक बंद पडतं. बऱ्याचदा तो बिघाड नसतो, मोटर तापून तिच्यातला थर्मल स्विच तुटलेला असतो. थोडा वेळ गार होऊ द्या. मोटर नुसती गुणगुणतेय आणि गेट हलत नाहीये? आधी रिलीज चावी उघडी तर नाही ना ते बघा. नसेल तर संशय कपॅसिटरवर. तो स्वतः काढायला जाऊ नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. पाल आणि मुंग्या हेही बोर्ड जाळणारे मोठे शत्रू आहेत, वायर आत जाते ते भोक सील करून घ्या.

आणि ती चावी. रात्री दोनला लाईट गेलीय, बॅटरी बॅकअप उतरलाय, बाहेर ॲम्ब्युलन्स उभी आहे, आणि चावी सेक्रेटरींच्या घरात. सेक्रेटरी गावाला. हे काही फार अवघड कल्पनाचित्र नाही. चावीच्या निदान तीन प्रती असाव्यात. एक वॉचमनकडे, एक काचेच्या पेटीत जिन्याजवळ, एक कमिटीकडे. आणि ती फिरवायची कशी हे बिल्डिंगमधल्या शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांनी एकदा करून बघितलेलं असावं. ३० सेकंदांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर पिन करा, रील बनवण्यापेक्षा उपयोगी.

मोबाईलवर चालणाऱ्या गेटबद्दल बरेच जण विचारतात. त्या युनिटमध्ये एक सिम असतं. तुमचा नंबर नोंदवलेला असला की मिस कॉल दिल्यावर गेट उघडतं. कॉल उचललाच जात नाही, म्हणून पैसे लागत नाहीत. पण सिमचा रिचार्ज कोण करणार हे ठरलेलं नसतं, आणि मग एके दिवशी सगळी बिल्डिंग बाहेर. स्वस्त युनिट टूजीवर चालत असेल तर जिओचं सिम घेऊन उपयोग नाही, जिओचं टूजी नेटवर्कच नाही. भाडेकरू सोडून गेला की त्याचा नंबर आणि रिमोट दोन्ही यादीतून काढा. साध्या रिमोटची नक्कल बाजारात होते, कारण तो दर वेळी तोच कोड पाठवतो. नवीन घेताना रोलिंग कोडचा मागा.

खर्चाचं भांडण राहिलंच. "माझ्याकडे गाडीच नाही, मी का देऊ?" सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती व देखभाल निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के धरलाय. गेट सामाईक आहे, त्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर मात्र घोषणापत्रात आपला हिस्सा किती लिहिलाय ते बघावं लागतं. वार्षिक करार करताना "सर्व्हिसिंग" एवढाच शब्द नको. स्टॉपर, रोलर, फोटोसेल, फोर्स, बॅटरी ही नावं लिहून घ्या आणि मिस्त्री प्रत्येक भेटीत ती तपासून सही करेल असं ठरवा.

तुमच्या गेटला स्टॉपर आहे का, खाली जाऊन बघा आणि फोटो पाठवा. पुढच्या भागात लिफ्टवर बोलू.