सजग स्वप्नाच्या उंबरठ्यावर: शरीराची कुरबुर आणि तिचं काय करायचं

मागच्या व्याख्यानात आपण मांडूक्य उपनिषदातल्या जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय या चार अवस्था पाहिल्या. व्याख्यान संपल्यावर दोघांनी आम्हाला गाठलं. एका तरुणानं विचारलं, "सर, मी स्वप्नात जागं राहायचा प्रयत्न करतो, पण ऐन वेळी नाक खाजतं, आवंढा येतो, सगळं मोडतं. काय करू?" आणि इथल्याच एका ताईंनी हळू आवाजात विचारलं, "माझा पोरगा पहाटे जागा होतो, पण त्याला हात हलवता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात, बाहेरचं आहे." वरवर पाहता हे प्रश्न वेगळे आहेत. पण दोन्ही एकाच उंबरठ्यावरचे आहेत, म्हणून आज त्या उंबरठ्याबद्दलच बोलू.

आधी सजग स्वप्न म्हणजे काय ते पाहू. स्वप्न चालू असताना 'हे स्वप्न आहे' हे कळणं, म्हणजे सजग स्वप्न. 'ल्युसिड ड्रीम' हा शब्द डच डॉक्टर आणि लेखक फ्रेडरिक व्हॅन एडन यांनी 1913 मध्ये रूढ केला. पण कल्पना आपल्याला परकी नाही. पतंजलींनी समाधिपादात चित्त स्थिर करण्याचे जे पर्याय सांगितले, त्यात स्वप्न आणि निद्रा यांच्या ज्ञानाचा आधार घेणं हाही एक आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत तर स्वप्नयोगाची वेगळी साधनाच आहे.

आता झोपेचं शास्त्र. 1953 मध्ये शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं, की झोपेत ठरावीक काळानं बंद पापण्यांखाली डोळे झपाट्यानं हलतात. ठळक स्वप्नं बहुतेक याच काळात पडतात. साधारण दर दीड तासानं ही अवस्था येते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. या काळात मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच बाजेवरून पडलो असतो. डोळे आणि श्वासाचा पडदा मात्र चालू राहतात. याच गोष्टीचा उपयोग करून एप्रिल 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल इथं कीथ हर्न यांनी ॲलन वर्सली यांच्याकडून स्वप्नातून खूण मिळवली. वर्सली झोपेत होते, आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले. पुढे स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं.

म्हणजे दार आहे, हे पक्कं. अडचण आहे ती दारात शिरताना. जागेपणातून थेट स्वप्नात उतरायचं, तर शरीराला झोपू द्यायचं आणि जाणीव तेवढी तेवत ठेवायची. आणि नेमकं तेव्हाच शरीर कुरबुर करतं.

इथं आमची एक चूक कबूल करतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि वर्गात फार सहजपणे सांगत आलो की शरीर हा अडथळा आहे, त्याला गप्प करायचं. सत्तरी ओलांडल्यावर स्वतः हा प्रयोग करायला बसलो, तेव्हा भुवईवरच्या एका खाजेनं आमची सगळी व्याख्यानं खोडून काढली. दात आवळून पडून राहिलो, तर खाज वाढली. मग मान आखडली, मग गुडघा ठणकला. तास गेला, झोपही गेली.

तेव्हा पतंजलींकडे पुन्हा वळलो. व्याधी, आळस वगैरे नऊ अंतराय सांगून झाल्यावर ते दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व म्हणजे अंगाची अस्वस्थता, आणि श्वास-प्रश्वास यांचा उल्लेख करतात. त्यांना ते विक्षेपाचे 'सहभू' म्हणतात, म्हणजे विक्षेपासोबत येणारे. आम्ही हा शब्द शेकडो वेळा शिकवला होता, पण त्याचा अर्थ त्या खाजेनं समजावला. खाज आधी आणि लक्ष उडणं नंतर, असं नेहमी नसतं. 'हलायचं नाही' म्हणून आपण पहारा बसवतो, आणि पहारेकरी बसला की त्याला चोर दिसू लागतात. शरीर दिवसभर हजार संवेदना पाठवतं, त्यातल्या बहुतेक आपण घेतच नाही. अंधारात, शांततेत, लक्ष देऊन पडलो की त्याच मोठ्या होतात.

म्हणून उपाय दडपण्याचा नाही. आसनाबद्दल पतंजली जो शब्द वापरतात, 'प्रयत्नशैथिल्य', तो इथं कामाचा आहे. आम्ही कुरबुरीचे तीन गट करतो.

पहिला गट आधीच निस्तरण्याचा. लघवी, तहान, उकाडा, डास, घट्ट कपडे. यात तितिक्षा दाखवू नका. मच्छरदाणी लावा, उठून जाऊन या. वेळ पहाटेची निवडा. चार-साडेचार तास झोप झाल्यावर उठावं, वीसेक मिनिटं शांत बसावं आणि पुन्हा पडावं. संध्याकाळी पडल्या पडल्या प्रयत्न केला, तर स्वप्नाचा टप्पा लांब असतो आणि शरीर कंटाळतं.

दुसरा गट खाज, आवंढा आणि कूस बदलण्याची ओढ. खाज आली की तिच्याकडे चार-पाच श्वास नुसतं पाहा. पुष्कळदा ती विरते. नाही विरली तर सावकाश खाजवा आणि पुन्हा श्वासाकडे या. काही बिघडत नाही. आवंढा आला तर गिळा. उताणं पडून तो फार येत असेल, तर कुशीवर झोपा. शवासनातच झोपलं पाहिजे असा नियम नाही.

तिसरा गट वेगळा आहे. अंग जड होणं, एकदम दचकणं, कानात गुणगुण, पडल्यासारखं किंवा तरंगल्यासारखं वाटणं, छातीची धडधड. हे अडथळे नाहीत, उंबरठा जवळ आल्याच्या खुणा आहेत. इथं बहुतेक जण 'आलं, आलं' म्हणून हरखतात किंवा घाबरतात, आणि दोन्हींनी जाग येते.

आता ताईंचा प्रश्न. तुमच्या मुलाला जे होतं, त्याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्नायू अजून स्वप्नाच्या सैलपणात आहेत आणि जाणीव आधी जागी झाली, एवढंच. छातीवरचा भार, खोलीत कुणी असल्याचा भास, हे जगभर लोकांना होतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. त्याला सांगा, घाबरू नकोस, श्वास चालू आहे, एक बोट हलवायचा प्रयत्न कर. झोप पुरेशी आणि वेळेवर होऊ द्या, उताणं झोपणं टाळू द्या. वारंवार होत असेल, दिवसा झोप आवरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. अंगारे-धुपारे नकोत, आणि मुलाला त्याबद्दल दोष तर मुळीच देऊ नका.

आणि त्या तरुणाला एक सूचना. आठवड्यात एक-दोनदाच प्रयोग कर. रोज पहाटे झोप मोडून मिळवलेली सजगता दिवसा डोळ्यांवर झापड आणते. शेतात यंत्रावर काम असेल किंवा गाडी चालवायची असेल, तर आदल्या रात्री नको. ज्यांना फिट येते किंवा मनाच्या आजारावर औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आमचं विचाराल, तर आम्हाला अजूनही दहातून एखाद्या वेळीच जमतं. पण गुडघा ठणकला की आता आम्ही त्याच्याशी भांडत नाही, उशी सरकवून त्याला जागा करून देतो. पुढच्या वेळी सुषुप्तीकडे वळू. आता तुमचे प्रश्न घेऊ.