भाजी वसईची, ताट शाळेचं!

शेतातली ताजी भाजी सोसायटीच्या गेटवर एका क्लिकवर येते. मग ती रस्त्यापलीकडच्या शाळेत का पोचू नये?

2020 चा लॉकडाऊन आठवतोय? तेव्हा मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक फिरायची. गूगल फॉर्म उघडा, टोमॅटो किती किलो, मेथीच्या जुड्या किती ते भरा, पैसे ऑनलाइन टाका. ठरल्या दिवशी शेतकरी गटाचा टेम्पो थेट गेटवर हजर! फंडा एकदम सिंपल होता. आधी ऑर्डर, मग तोडणी. त्यामुळे शेतकऱ्याचा माल पडून राहायचा नाही आणि आपल्याला ताजी भाजी मिळायची.

आम्हा बोरीवलीकरांना तर शेत काही लांब नाही. वसई रोड इथून पाचवं स्टेशन. वसईची पालेभाजी आणि केळी पिढ्यान्‌पिढ्या लोकलनेच मुंबईत येतायत. त्याच लाइनवर साधारण 90 किलोमीटरवर डहाणू. तिथल्या डहाणू-घोलवड चिकूला जीआय मानांकन आहे, आणि 2013 पासून लोकलही डहाणूपर्यंत जाते. शिवाय जुलै 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. म्हणजे शेतकऱ्याने माल मार्केट यार्डातच नेला पाहिजे, ही सक्ती राहिली नाही.

माझ्या डोक्यात म्हणूनच हा प्रश्न घोळतोय. आपल्याला जमलं, ते शाळेच्या खिचडीला का जमू नये?

ताटात काय असतं?

शाळेतल्या जेवणाची योजना 15 ऑगस्ट 1995 ची. शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश सुप्रीम कोर्टाने 28 नोव्हेंबर 2001 ला दिला. 2021 पासून तिचं नाव पीएम पोषण. सरकारी आणि अनुदानित शाळांमधल्या बालवाटिका ते आठवीच्या मुलांसाठी ती आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला भाजी 75 ग्रॅम.

तांदूळ सरकारी गोदामातून येतो. मुंबईसारख्या शहरात बचत गट किंवा संस्था मोठ्या किचनमध्ये जेवण बनवतात आणि टेम्पोने शाळाशाळांत पोचवतात. भाजी तेवढी बाहेरून घ्यावी लागते. आता गणित करा. प्राथमिकच्या दोन हजार मुलांचं किचन असेल तर रोज 100 किलो भाजी! कुठल्याही शेतकरी गटासाठी हे पक्कं गिऱ्हाईक आहे.

आकडा तर आहेच

गंमत म्हणजे यासाठी लागणारी सगळ्यात महत्त्वाची माहिती आधीपासूनच मोबाईलवर आहे. आज किती मुलं जेवली, हा आकडा राज्यातल्या शाळा रोज ॲपवर भरतात. शिकवायचं की आकडे भरायचे, अशी शिक्षकांची कुरकुरही असते. पण हा आकडा वापरला जातो तो हिशेबासाठी आणि तपासणीसाठी. म्हणजे जेवण झाल्यानंतर.

तोच आकडा जरा आधी वापरला तर? मागच्या महिन्यात सोमवारी सरासरी किती मुलं होती, परीक्षा कधी, सुट्टी कधी, पुढच्या आठवड्याचा मेन्यू काय, यावरून कुठल्या दिवशी किती किलो दुधी आणि किती पालक लागेल हे साधी एक्सेल शीटही सांगेल. ती शीट वसईच्या शेतकऱ्याच्या फोनवर गेली की तो त्या हिशेबाने वाफे लावेल. भाजी आज लावली आणि उद्या आली असं होत नाही ना! म्हणून ॲप कितीही स्मार्ट असलं तरी शेतकऱ्याला लागते ती आगाऊ खबर.

हे सरकारच्या धोरणातही बसतं. सप्टेंबर 2021 मध्ये पीएम पोषणला मंजुरी देताना केंद्राने स्पष्ट म्हटलं होतं की शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि महिला बचत गटांना सहभागी करून घ्या, स्थानिक पदार्थ वापरा. ब्राझील तर आणखी पुढे गेला. शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीतले किमान 30 टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी वापरायचे, असा कायदाच त्यांनी 2009 मध्ये केला.

अडतं कुठे?

खरं सांगू? पैशात. 1 मे 2025 पासून लागू झालेला दर बघा. प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे. त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन, सगळं आलं. आपल्या एका कटिंग चहाची किंमत आठवून बघा! त्यात पोषण आहाराची बिलं रखडल्याच्या बातम्याही नव्या नाहीत. बचत गटाचंच बिल अडकलं तर तो शेतकऱ्याला काय देणार? आणि दोनदा पैसे थकले की तिसऱ्यांदा शेतकरी व्यापाऱ्याकडेच जाणार. त्याने जावंच.

म्हणून ऑर्डरइतकंच पेमेंटही डिजिटल आणि वेळेवर हवं. माल उतरला, वजन झालं, फोटो गेला, आठवड्यात पैसे खात्यात. एवढं झालं नाही, तर ते ॲप म्हणजे आपल्या फोनमध्ये पडून असलेलं आणखी एक आयकॉन.

बर्थडे, जरा हटके

सिस्टीम बदलायला वेळ लागेल. तोवर आपण काय करायचं? पीएम पोषणमध्ये तिथी भोजनाची सोय आहे. महाराष्ट्रात त्याला स्नेहभोजन म्हणतात. वाढदिवस किंवा खास दिवशी आपण शाळेतल्या मुलांना एखादा पदार्थ किंवा फळं देऊ शकतो. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, परवानगी घ्या, मुलं किती ते विचारा. मग डहाणूच्या शेतकरी गटाला आठवडाभर आधी चिकूची ऑर्डर द्या आणि माल उतरल्या दिवशीच पैसे ट्रान्सफर करा. यंदा पिझ्झा ट्रीटऐवजी ऑफिसच्या ग्रुपवर ही आयडिया टाकून बघा. एक्सेल तर आपल्या सगळ्यांनाच येतं!